चाळीसला दोन कमी

माझी मावशी मासे विकते. गिऱ्हाइकाने तिला विचारलं, "बांगडे ताजे आसत मा?" तर ती लगेच उत्तर देत नाही. आधी वर बघते, विचारणाऱ्याच्या घराण्याचा अंदाज घेते आणि मग म्हणते, "अजून होडयेतसून उतरूक नाय." बांगडे कालचे असले तरी हेच. सरंगा मऊ पडलेला असला तर तो तिच्या तोंडी "लोण्यासारको" होतो. चाळीस वर्षांत तिने स्वतःच्या मालाला एकदाही नाव ठेवलेलं मी ऐकलेलं नाही. पुढचा सगळा घोळ या एका सवयीने घातला, म्हणून ती आधी सांगून टाकली.

आमचं गाव मालवणपासून एस.टी.ने तासाभरावर, खाडीच्या तोंडाशी. उधाणाचं पाणी आत शिरू नये म्हणून मासळी बाजाराची शेड उंच जोत्यावर बांधलेली आहे. वर चढायला तीन पायऱ्या. त्या बांधायला गवंडी बहुधा तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या मनःस्थितींत आला असावा, कारण एकीची उंची दुसरीशी जुळत नाही. त्यांच्यावरून दिवसभर माशांचं पाणी ओघळत असतं. धरायला कठडा नाही. चढून गेलं की डाव्या हाताची पहिली जागा मावशीची. आधी ती तिच्या सासूची होती. बाजारात शिरणारा प्रत्येक माणूस आधी तिच्यासमोरून जातो, त्यामुळे त्या जागेला मान आहे. रांगेतली शेवटची जागा गटाराशेजारची, तिला काहीच मान नाही.

मी मात्र कधी वर चढत नसे. मी हायस्कुलात मराठी शिकवते. सकाळची घाई असते, वर वास मारतो, साडीला पाणी लागतं, अशी कारणं मला तीस वर्षं पुरली. मी पायऱ्यांखाली उभी राहून पिशवी वर धरायची, मावशी वाकून ती घ्यायची आणि मासे घालून परत खाली सोडायची. लहानपणच्या पोलिओने माझा डावा पाय थोडा बारीक आणि आखूड राहिला आहे, पण ते इथे सांगायची खरं तर काही गरज नाही.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर मावशी त्याच पायऱ्यांवरून घसरली. ढोपर मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसली, स्क्रू बसले. हाड जुळलं, पण ढोपर पूर्ण वाकायला तयार होईना. सपाटीवर ती काठी घेऊन चालायची. पायरी आली की थांबायची आणि कुणी बघत असेल तर पदर नीट करायला थांबलेय असं दाखवायची.

आता आमच्या बाजारातली एक रीत सांगायला हवी. एखादी बाई आजारी पडली तर तिच्या जागेवर तिची माशांची पाटी उलटी घालून ठेवतात. पाटी उलटी आहे तोवर त्या जागेला कुणी हात लावत नाही. पण हे चालतं एका हंगामापुरतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडून पुन्हा बाजार भरतो, त्या दिवशी मालकिणीने स्वतः येऊन पाटी सुलटी करायची. ती आली नाही, तर सगळी रांग एकेक जागा पुढे सरकते आणि बाई बाजारातून कायमची जाते. हे कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे ते मोडायची कुणाची हिंमत नाही.

बायकांनी तिला सांगून बघितलं, "खाली खुर्ची घालून बस गो." मावशी म्हणाली, "खाली कुत्री बसतत." दोघीतिघींनी उचलून वर न्यायची तयारी दाखवली. तिला तेही नको होतं. "आज उचलतली. उद्या माझ्यामुळे कंबर मोडली म्हणान गावभर सांगतली."

शिमगा उलटल्यावर एका दुपारी ती माझ्या पडवीत येऊन बसली. बराच वेळ माझ्या सुनेच्या हातच्या चहाला नावं ठेवली आणि मग एकदम म्हणाली, "बाय, त्या जागेर मी नाय बसलंय, तर माका कोण इचारतलो?" तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, असा माझा स्वभाव आहे. दुसऱ्या दिवशी मी दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याची प्रत काढून ग्रामपंचायतीत गेले.

कायदा वाचायला छान आहे. सार्वजनिक जागी सगळ्यांना जाता आलं पाहिजे, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आमच्या ग्रामपंचायतीत ते इमानेइतबारे होत होतं. दरवर्षी छत्र्या वाटल्या जात. दोन्ही काखांत कुबड्या घेऊन चालणाऱ्या आमच्या एका शेजाऱ्याला तीन वर्षं ओळीने छत्री मिळाली. तो त्या उघडून कोंबड्यांच्या खुराड्यावर बांधतो. त्याच्या कोंबड्यांना शासनाविषयी तक्रार नाही.

ग्रामसेवक सांगलीकडचा, शुद्ध शाकाहारी. बाजारासमोरून जाताना तो श्वास रोखून जातो. पण माणूस सरळ. माझं भाषण संपेपर्यंत त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, तिथे उतार बांधता येईल. निधी आहे. पण मागणी बाजारात येणाऱ्या दिव्यांग व्यक्तीकडून पाहिजे, आणि तिचं प्रमाणपत्र किमान चाळीस टक्क्यांचं पाहिजे. गावातले प्रमाणपत्र असलेले लोक बाजारात येतच नाहीत."

"येत नाहीत, कारण चढता येत नाही!"

"ते मला पटतं. फाइलीला पटत नाही." मग त्याची नजर माझ्या डाव्या चपलेच्या जाड तळावर गेली. "तुमचं स्वतःचं प्रमाणपत्र असेल ना?"

"मला कशाला?" मी अशा आवाजात विचारलं, की त्याने फाइल उघडून तिच्यात तोंड घातलं.

मग मावशीचा अर्ज भरला. अर्जावर 'दिव्यांग' हा शब्द होता, तो मी तिला वाचून दाखवला. "पयले अपंग म्हणत, आता दिव्यांग," ती म्हणाली. "मी असे काय दिवे लावलंय?" तरी फोटो काढायला गेली तेव्हा नाकातली नथ घालून गेली.

तपासणीचं शिबिर तालुक्याच्या गावी होतं. डॉक्टर घाटावरचे, तरुण, आमच्या दमट हवेने घामाघूम झालेले, पण बोलायला गोड. मावशी सरकारी माणसासमोर पुस्तकी मराठी बोलते.

"मावशी, काय त्रास आहे?"

"त्रास? मला कसला त्रास? मी एकदम बरी आहे."

"ढोपर कसं आहे?"

"ढोपार बरा आसा," पुस्तकी मराठी एवढ्यातच संपली. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. मी घाईने सांगितलं की, अहो, आमच्याकडे 'बरा आसा' म्हणजे दुखणं बरं झालं असा अर्थ होत नाही. तापाने फणफणलेला माणूससुद्धा दारात कुणी आलं की 'बरो आसंय' म्हणतो, ती नुसती रीत आहे. डॉक्टरांनी मान हलवली, पण लिहिलेलं खोडलं नाही.

"मांडी घालून बसता येतं?"

"साहेब, चाळीस वर्षं मांडी घालून बसले, म्हणून तर घर चाललं." यात खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त ते सगळं दिवाळीच्या आधीचं होतं.

"बरं, जरा चालून दाखवा."

मावशीने काठी माझ्या हातात दिली. पदर खोचला. देवीची ओटी भरायला निघाल्यासारखी ताठ चालत खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. तिथे तपासणीसाठी लाकडी पायरी ठेवली होती, तिच्यावरही चढली. ओठ पांढरे पडले होते, कपाळाला घाम फुटला होता, पण चेहऱ्यावर विजय. ती काठी तिच्याच पाठीत घालावी, असं मला फार वाटलं.

हातात कागद आला. अडतीस टक्के.

"म्हणजे चाळीसाक दोन कमी?" मावशीचा चेहरा खुलला. "होतला मगे. दोनासाठी गिरायक कोण सोडता?" आणि मी थांबवायच्या आत ती परत आत गेली.

"साहेब, पन्नास लावा."

"मावशी, ते असं ठरवता येत नाही. मोजून जेवढं येईल तेवढं."

"मोजून आम्ही पण देतो. पंचेचाळीस. तुमचं नको, माझं नको."

"अहो, मावशी..."

"चाळीस! शेवटचो शब्द!" असं म्हणून तिने बाजारातला जुना डाव टाकला. पाठ फिरवली आणि तरातरा चालू लागली. असं केलं की गिऱ्हाईक मागून हाक मारतं, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव. डॉक्टरांनी हाक मारली नाही. ते तिच्या चालीकडे टक लावून बघत राहिले. त्या चालीने होते त्यातलेही पाचसहा टक्के गेले असते, पण कागद आधीच झाला होता, हे नशीब.

फेरतपासणी मागता येते. मी मागितली, आणि तारीख येईपर्यंत मावशीची शिकवणी घेतली. रोज संध्याकाळी पडवीत मी डॉक्टर व्हायची.

"काय त्रास आहे?"

"काय नाय."

"तसं नाही. म्हण, पायरी चढूक जमणा नाय."

"तां मी कसा म्हणू?" ती खरंच गोंधळून विचारायची. "आपल्या मालाक आपणच शिळो म्हणूचो?"

मग मी चिडायची. हा माल नाही, पाय आहे. खरं सांगण्यात लाज कसली? शासन भीक घालत नाही, तो आपला हक्क आहे. नसता तोरा मिरवणाऱ्या माणसांमुळेच बाजाराला तीस वर्षं उतार झाला नाही. मी पट्टीची शिक्षिका आहे, मला असं बोलायला आवडतं. मावशी सगळं ऐकून घ्यायची, एकदा माझ्या चपलेकडे बघायची आणि म्हणायची, "खरा गो बाय."

फेरतपासणीला तेच डॉक्टर होते. मावशी खुर्चीत बसली. "साहेब, मला..." ती म्हणाली. मी मागून तिच्या खांद्यात बोट खुपसलं. "मला पायरी..." तिने पदर नीट केला. "तशी बरीच चढते." आणि विचारायच्या आत काठी माझ्याकडे देऊन ती उठली आणि खिडकीकडे निघाली. पुन्हा अडतीस. नारळी पौर्णिमा महिन्यावर आली होती.

बाहेरच्या बाकावर मी तिला नाही नाही ते बोलले. तुझ्या तोऱ्यापायी तुझी जागा चालली, आता बस घरात चहाला नावं ठेवत. आजूबाजूची माणसं बघायला लागली. मावशी शांतपणे पिशवीत हात घालून काहीतरी शोधत होती. माझं बोलून झाल्यावर तिने कागद काढून माझ्या मांडीवर ठेवले.

"आता तू आत जा."

"मी कशाला?"

"तुझो पाय घेवन."

तो माझ्या नावाचा अर्ज होता. माझ्या आधार कार्डाची प्रत, रेशन कार्डाची प्रत, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या फोटोतून कापून काढलेलं माझं डोकं. कागद माझ्या सुनेने माझ्याच कपाटातून काढून दिले होते आणि अर्ज त्या शाकाहारी ग्रामसेवकाने भरला होता. सहीची जागा तेवढी रिकामी होती. माझे कान तापले. मी नोकरीला अर्ज केला तेव्हाही अपंगांसाठीच्या चौकटीत खूण केली नव्हती. शर्यतीच्या दिवशी मी मुलांसाठी शिट्टी वाजवते, सहलीला गडाखाली बसून डबे सांभाळते, आणि या माझ्या आवडी आहेत असंच मी सगळ्यांना सांगत आलेय. मावशीचा मला इतका राग आला, की रडू आलं.

"तीस वर्सां तू खालीच उभी रवलंस," ती हळूच म्हणाली. "माका दिसणा नाय?"

मी सही केली. आत गेले. डॉक्टरांनी दारात थांबलेल्या मावशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खुर्ची पुढे केली.

"बोला मॅडम, काय त्रास आहे?"

रोज संध्याकाळी पडवीत मी हाच प्रश्न विचारत होते. उत्तर मला तोंडपाठ होतं, मीच तर ते शिकवत होते. मी तोंड उघडलं.

"काही नाही," मी म्हटलं. "मी बरी आहे."

दारातून मावशीचा आवाज आला. बाजारातला, पूर्ण पट्टीतला. "साहेब, तिच्या तोंडाक लागू नका! कल्लो उघडून बघा!"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. घाटावरच्या माणसाला समजावं म्हणून मावशीने पुस्तकी मराठीत खुलासा केला. "मासा ताजा आहे की नाही, हे विकणारणीला विचारायचं नसतं. ती चांगलाच म्हणणार. गालाजवळचा कल्ला उचलायचा आणि आत लाल आहे का ते बघायचं."

डॉक्टर खूप हसले. मग हसू आवरून म्हणाले, "मॅडम, चप्पल काढता का?" देवळाबाहेर, लग्नघरात, मी ती नेहमी सगळ्यांच्या शेवटी काढते. तिथे माझ्या मागे कुणी नव्हतं. मी काढली. त्यांनी टेप लावली, दोन्ही पोटऱ्या मोजल्या, ढोपर दाबून बघितलं, आणि आता चाला म्हणाले. मी चालले. जशी चालते तशी, घाई न दाखवता. हे मला वाटलं होतं त्याच्या निम्मंही कठीण नव्हतं.

आकडा मी इथे लिहीत नाही. चाळीसच्या बऱ्यापैकी पुढे गेला, एवढं पुरे. बाहेर येऊन मावशीने कागद हातात घेतला, माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, "अगो, तू तर माझ्यापेक्षा म्हाग!"

दुसऱ्या तपासणीत तू मुद्दाम ताठ चाललीस का, असं मी तिला रिक्षात विचारलं. ती म्हणाली, "देवाशप्पथ नाय. माका जमणा नाय, एवढाच म्हणूक माका जमणा नाय." कागद मात्र तिने आधीपासून पिशवीत घालून आणले होते. तेव्हा यातलं खरं किती, ते कल्ला उघडूनही कळणार नाही.

अर्ज माझ्या नावाने गेला. त्या वर्षीच्या छत्र्या अजून घ्यायच्या होत्या, त्यामुळे निधी शाबूत होता. ठराव झाला आणि बांधकामाचे चिरे येऊन पडले. गवंड्याने पहिला उतार असा बांधला, की त्यावरून वर जाण्यापेक्षा खाली येणं फार लवकर झालं असतं. मी त्याला नियम वाचून दाखवला. एक हात चढायला बारा हात लांबी. तो म्हणाला, "बाई, माझ्या नजरेत बारा हातच आसत." मावशीने त्याच्याच हातात एक सोललेला नारळ दिला आणि वरून सोडायला लावला. तो उड्या मारत थेट गटारात गेला. गवंड्याने उतार मोडला आणि नियमाप्रमाणे बांधला. दुसऱ्या वेळी नारळ अर्ध्या वाटेत रेंगाळत चालला आणि मावशीने काठीने तो अडवला. कठडाही बसला. ग्रामसेवक बघायला आला तेव्हा कौतुकाने भाषण करायला लागला आणि त्या नादात त्याने श्वास घेतला. बिचारा लगेच गेला.

बाजार भरला त्या दिवशी सगळ्या बायका हातातली कामं टाकून बघत होत्या. मावशी नथ घालून आली. एका हातात काठी, एका हाताने कठडा धरून ती उतारावरून वर गेली, मध्ये दोनदा थांबली, आणि दोन्ही वेळा पदर नीट केला. वर पोचल्यावर तिने पाटी सुलटी केली. मांडी घालता येत नाही म्हणून आता ती बुटक्या स्टुलावर बसते, आणि शेजारणीपेक्षा वीतभर उंच दिसते म्हणून खूश असते.

मी सवयीने पायऱ्यांखाली जाऊन उभी राहिले आणि पिशवी वर धरली. मावशीने ती घेतली नाही.

"वर ये."

"मला शाळेची घाई आहे."

"वर ये गो."

मी उतारावरून गेले. कठडा अजून नवा होता, हाताला रंग लागला. वर गेले आणि मावशीच्या समोर उभी राहिले. तीस वर्षांत तिचा ओटा मी पहिल्यांदा वरून बघत होते. तिने एक बांगडा उचलला, अंगठ्याने त्याचा कल्ला वर केला आणि माझ्यासमोर धरला. आत लालभडक होता.

"बघून घे," ती म्हणाली. मग शेजारणीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात, जरा ओशाळून, "तू कधी वर येवन बघूक नाय. म्हणान मधी मधी तुका कालचे घातलंय."

मी भांडायला तोंड उघडलं, पण भांडायला काही सापडेना. दर वेळी दुसऱ्या दिवशी ती विचारायची, मासे कसे होते, आणि दर वेळी मी सांगत आले होते, "बरे होते."